५०० ची लाइन, ९४ चा स्पीड आणि शेवटी मायक्रोटिक आरबी५००९: ऑफिसचा राऊटर बदलल्याचा अनुभव

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. टॅक्स, जीएसटी, ऑडिट हेच काम, सर, मॅडम धरून आम्ही अठरा जण, आणि जयसिंगपूरला चार जणांची छोटी ब्रँच. मी अकाउंट्स बघते आणि कॉम्प्युटरचंही सगळं माझ्याकडेच आहे, म्हणजे प्रिंटर अडकला, नेट गेलं, टॅली उघडत नाही, हाक मलाच येते. एप्रिलमध्ये आम्ही इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ५०० वर नेला आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. राऊटरचा रिव्ह्यू लिहितेय पण आधी राऊटरपर्यंत कशी पोचले ते सांगते, कारण तेच जास्त कामाचं आहे, मी पहिल्याच दिवशी राऊटर मागवला असता तर वीस-पंचवीस हजार घालूनसुद्धा स्पीड तेवढाच राहिला असता.

तर प्लॅन बदलला, लाइनवाला पोरगा येऊन नवीन ओएनटी, म्हणजे फायबरची लाइन जिथे येऊन संपते तो डबा, लावून गेला, स्वतःच्या मोबाइलवर ४८० दाखवून गेला. आणि आमच्या टेबलावर स्पीड टेस्ट केली की ९४. परत केली, ९३.८. सकाळी ९४, रात्री आठला सगळे गेल्यावर ९४. सर म्हणाले, "अगं, आपण पैसे पाचशेचे भरतोय ना?" मी पण आधी लाइनवाल्यालाच फोन लावला, दोनतीन दिवस त्यांच्याशी वाद घातला, ते म्हणायचे आमच्याकडून पूर्ण जातंय मॅडम.

ते खरं बोलत होते. ९४ हा आकडा लक्षात ठेवा. स्पीड कधी ६०, कधी १२०, कधी ८० असा हलत असेल तर दहा कारणं असू शकतात, पण तो ९४-९५ ला येऊन खिळ्यासारखा थांबत असेल तर मधे कुठेतरी १०० एमबीचा जोड आहे. डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जातो; एक पूर्ण पाकीट वायरवरून जाताना हेडर, दोन पाकिटांमधली मोकळी जागा वगैरे धरून १५३८ बाइटची जागा खातं आणि त्यात आपल्या कामाचा डेटा असतो १४६०, म्हणजे ९५ टक्क्यांच्या जरा अलीकडे. त्यामुळे १०० चा पोर्ट कितीही चांगला असला तरी हातात ९४ च पडतात. १०० एमबीचं फास्ट इथरनेट १९९५ सालचं आणि तांब्याच्या वायरवरचं गिगाबिट १९९९ चं, तरी २०२० नंतर सुद्धा १०० चे स्विच, म्हणजे एका लाइनवर बरेच कॉम्प्युटर जोडायचे डबे, दुकानात सर्रास विकले जातात, आणि बिलावर नुसतं "८ पोर्ट स्विच" एवढंच असतं.

आमच्याकडे तेच निघालं, तेही दोन ठिकाणी. एक म्हणजे राऊटर आणि बाकीच्या ऑफिसच्या मधे बसवलेला आठ पोर्टचा पांढरा स्विच. तो १०० चा होता. तो काढून गिगाबिट स्विच लावला, म्हटलं झालं. आठ-नऊ कॉम्प्युटर लगेच वर गेले पण बाकीचे, त्यात सर्व्हर सुद्धा, ९४ लाच.

मग भिंतीवरचा बॉक्स उघडला. आमचं जुनं ऑफिस मारुती चौकाजवळ होतं, २०१९ च्या महापुरात तिथे पाणी आलं आणि आम्ही घाईघाईने इकडे भाड्याने आलो, ऑडिटचा सीझन तोंडावर होता, वायरिंग दोन दिवसांत उरकलेलं. बॉक्स उघडल्यावर आत काय दिसलं तर एकाच निळ्या केबलच्या आठ तारांपैकी केशरी आणि हिरवी जोडी कॉम्प्युटरच्या कनेक्टरमध्ये गेलीये, निळी जोडी इंटरकॉमच्या फोनला दिलीये आणि तपकिरी जोडी गुंडाळून टेप मारून ठेवलीये. १०० एमबीला चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनला, त्यामुळे पाच वर्षं कोणाला काही कळलं नाही, नेट चालू होतं, फोन चालू होता. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, आठच्या आठ तारा लागतात, नाहीतर दोन्ही बाजूची उपकरणं गुपचूप १०० वर तडजोड करतात. एरर नाही, लाल दिवा नाही, काही नाही.

वायरिंगवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी टेप सोडवली, तपकिरी जोडी सरळ केली, इंटरकॉमला वेगळी वायर ओढली, आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक तार नखाने सपाट करत पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशी ओळीत लावून क्रिंप मारला. एका कनेक्टरला तीन-चार मिनिटं. दोन ठिकाणी तार वाकवली की तुटायची, ती केबल ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली निघाली, काका म्हणाले, "ताई, ही टिकायची नाही, बदलूनच टाका." बदलली. पूर्ण तांब्याची कॅट ६ घेतली, केबलचा खर्च थोडा वाढला पण तिथे काटकसर करू नका असंच मी कोणालाही सांगेन.

आता स्पीड किती आला, तर २३०. कधी २१०, कधी २४०. आणि हा आकडा हलत होता, खिळा नव्हता. म्हणजे आता पोर्ट आणि वायर सुटले होते आणि दुसराच काहीतरी अडथळा होता. इथे मी एक साधी टेस्ट केली जी प्रत्येकाने पैसे खर्च करायच्या आधी करावी: राऊटर बाजूला ठेवला, माझा लॅपटॉप नव्या कॉर्डने थेट ओएनटीला जोडला, लॅपटॉपवरूनच पीपीपीओईचं, म्हणजे लाइनवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम पासवर्ड टाकून डायल केलं, आणि स्पीड टेस्ट लावली. ५०८. लाइन बरोबर, ओएनटी बरोबर, कॉर्ड बरोबर. परत मधे राऊटर घातला की २३०, आणि त्याच्या पेजवर सीपीयू ९८-१०० टक्के.

जुन्या राऊटरचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये कारण त्याची काही चूक नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेला, २० एमबीची लाइन होती तेव्हा, पुरात वाचवून आणलेला, आणि एवढी वर्षं विनातक्रार चाललेला. त्याच्या डब्यावर गिगाबिट लिहिलंय आणि ते खोटं नाही, पोर्ट गिगाबिटचेच आहेत. पण पोर्टचा वेग आणि राऊटरच्या डोक्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल टाकताना ती स्विचच्या चिपमधूनच परस्पर जाते, सीपीयूला हात लागत नाही. इंटरनेटला जाताना मात्र प्रत्येक पाकिटाचा पत्ता बदलायचा, पीपीपीओईचं वेष्टण चढवायचं, फायरवॉलचे, म्हणजे काय आत-बाहेर सोडायचं याचे, नियम तपासायचे, आणि आम्ही माणशी जी स्पीडची लिमिट लावली होती तिचा हिशोब ठेवायचा, हे सगळं सीपीयू करतो. २० एमबीला ते त्याला काहीच नव्हतं. ५०० ला त्याचा जीव जायला लागला.

लिमिट काढून बघितली तर ३१० पर्यंत गेला. पण लिमिट काढून ऑफिस चालत नाही, एकाने स्कॅन केलेल्या फाइलींचा बॅकअप क्लाउडवर टाकायला घेतला की सरांची व्हिडिओ मीटिंग तुटते.

म्हणून राऊटर बदलायचं ठरलं. दोनतीन जणांनी सांगितलं की घरचा वायफाय ६ वाला राऊटर घे, पाच हजारात होतंय, स्पीड पण देतो. देतो, मी नाही म्हणत नाही. पण मला दोन ब्रँच जोडणारा नीट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा सुरक्षित खाजगी रस्ता, पाहिजे होता, आज ना उद्या दुसरी लाइन बॅकअपला घ्यायची आहे, आणि कोण किती वापरतंय ते त्याच क्षणी दिसायला पाहिजे होतं. मायक्रोटिकचाच छोटा हेक्स पण बघितला, पाच गिगाबिट पोर्ट, किंमत बरीच कमी, आणि पाच-सहा जणांच्या ऑफिसला १००-२०० च्या लाइनला तो छान आहे, जयसिंगपूरला आम्ही तोच लावलाय. पण इथे ५०० आणि पुढे कधीतरी १००० जाणार, वर माणशी लिमिट, वर व्हीपीएन, म्हणून एकदाच काय तो आरबी५००९ घेतला. जीएसटी धरून वीस-पंचवीस हजारांच्या घरात पडला, १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतंच.

मायक्रोटिक ही लाटव्हियाची कंपनी, रिगामधली, १९९६ पासूनची. आपल्याकडे लोकल केबल इंटरनेटवाल्यांकडे तिचे डबे भरपूर दिसतात, त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडे कॉन्फिगर करणारा माणूस शोधायला त्रास होत नाही, हे माझ्यासाठी मोठं कारण होतं. आरबी५००९ हे मॉडेल २०२१ चं. आत चार कोअरचा १.४ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, १ जीबी रॅम. मागे नाही, सगळं पुढेच आहे: सात गिगाबिट पोर्ट, एक २.५ गिगाबिटचा पोर्ट आणि एक १० गिगाबिटचं एसएफपी प्लस भोक, ज्यात फायबरचा किंवा खास केबलचा जोड बसतो. २.५ वाला पोर्ट आम्ही लाइनला दिला. साध्या कॅट ५ई केबलवर सुद्धा २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं, त्यासाठीच ते स्टँडर्ड २०१६ ला आलं, त्यामुळे उद्या लाइन १००० च्या वर गेली तरी भिंत फोडायला लागणार नाही.

डबा हातात घेतला की जड लागतो. पूर्ण धातूचा आहे आणि आत पंखा नाही, वरची नालीदार बॉडीच उष्णता बाहेर टाकते. म्हणजे आवाज शून्य, आणि पंख्यात धूळ जाऊन बंद पडायची भानगड नाही. हात लावला की कोमट लागतो, मे महिन्यात जरा जास्तच, पण त्यासाठीच तो तसा बनवलाय, फक्त त्याच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवू नका. आमच्याकडे ती सवय सगळ्यांना होती, मी आता राऊटर भिंतीवर उभा लावून टाकलाय.

सेटअप शनिवारी दुपारी चारला चालू केला, म्हटलं सगळे लवकर जातात. बेसिक नेट अर्ध्या तासात चालू झालं: डब्याखालच्या स्टिकरवर पासवर्ड असतो, विनबॉक्स नावाचं त्यांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवायचं, केबल लावली की ते राऊटर स्वतः शोधतं, पहिल्या पोर्टवर पीपीपीओई क्लायंट बनवायचा, युजरनेम पासवर्ड, झालं. पहिली टेस्ट ५०६. सीपीयू किती, तर ८ टक्के. मी मॅडमना केबिनमधून बोलावून दाखवलं, खरंच सांगते, दोन महिने त्या आकड्यामागे लागले होते.

मग पुढचा तिढा. माणशी लिमिटच्या क्यू, म्हणजे पाकिटांच्या रांगा, बनवल्या, सगळं बरोबर लिहिलं, आणि लिमिट लागेचना. ज्याला ५० ची लिमिट त्याला पण ४०० मिळतंय. तासभर डोकं खाल्लं. कारण असं निघालं की कंपनीच्या तयार फायरवॉलमध्ये फास्टट्रॅक नावाचा नियम चालू असतो, तो ओळखीच्या कनेक्शनची पाकिटं फायरवॉल आणि क्यू दोन्हीला वळसा घालून पुढे सोडतो. छोट्या राऊटरवर जास्त स्पीड त्याच्याच जोरावर मिळतो. पण पाकीट क्यूमधून गेलंच नाही तर लिमिट लागणार कशी? फास्टट्रॅक बंद केला, लिमिट लागल्या, आणि सगळे पळवूनही सीपीयू २० च्या आसपास राहिला. जास्त ताकदीचा राऊटर घेतल्याचा खरा फायदा इथे आहे, शॉर्टकट बंद ठेवूनही पूर्ण स्पीड मिळतो. छोट्या मॉडेलवर तुम्हाला दोन्हीतलं एक निवडायला लागेल, हे घेण्याआधी डोक्यात ठेवा.

आता मी माणशी लिमिट पण काढून टाकलीये. राऊटरओएस ७ मध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या राऊटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, एफक्यू कोडेल आणि केक असे क्यूचे दोन प्रकार आलेत. पूर्ण लाइनला खऱ्या स्पीडपेक्षा थोडं खाली, ५०० ला ४७०, एवढंच एक लिमिट लावायचं आणि आत केक लावायचा. तो लाइन सगळ्यांत वाटून देतो, कोणा एकाच्या मोठ्या अपलोडमागे बाकीच्यांची छोटी पाकिटं रांगेत ताटकळत नाहीत. ३० एमबी स्पीड गेला, पण दुपारी तीनला चार जण एकदम स्कॅन फाइली चढवत असताना सरांची मीटिंग एकदाही अडकली नाही. मला विचाराल तर ९४ चे ५०६ झाले त्यापेक्षा हा बदल मोठा आहे, आकडा दोन दिवस कौतुकाचा असतो, न तुटणारी मीटिंग रोजची.

जयसिंगपूरचं सांगायचं राहिलं. तिथली मंडळी इथल्या सर्व्हरवर रिमोटने टॅली उघडतात. आधी जे व्हीपीएन होतं ते दिवसातून चारदा तुटायचं. आता दोन्हीकडे वायरगार्ड नावाचं व्हीपीएन लावलंय, राऊटरओएस ७ पासून ते आतच येतं, वेगळं लायसन्स नाही, दरवर्षीचं रिन्युअल नाही, आणि अपडेट फुकट. एकच अट आहे, दोन टोकांपैकी निदान एकाकडे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता, पाहिजे. आपल्याकडचे बरेच लोकल इंटरनेटवाले एकाच पब्लिक आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतात, बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. आमचंही तसंच होतं, स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरले तेव्हा जमलं. राऊटर घ्यायच्या आधी लाइनवाल्याला हे विचारून घ्या. तिथल्या ताईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "आज लाइन गेलीच नाही गं, काय केलंस?"

आता कोणासाठी नाही ते. यात वायफाय नाही. अजिबात नाही. आमच्याकडे छताला वायफाय देणारे दोन ॲक्सेस पॉइंट वेगळे आहेत म्हणून चाललं, तुमच्याकडे जुन्या राऊटरमधूनच वायफाय येत असेल तर तो खर्च वेगळा धरा. दुसरं, लाइट गेल्यावर. आपल्याकडे वायफाय राऊटरला लावतात ते छोटे १२ व्होल्टचे मिनी यूपीएस याला चालत नाहीत, याला २४ ते ५७ व्होल्ट लागतात. आमचा सर्व्हरचा यूपीएस आहे त्यावरच याचा अडॅप्टर आणि ओएनटी दोन्ही टाकलं. पॉवर द्यायच्या तीन वाटा आहेत, गोल पिन, दोन तारांचा स्क्रूवाला जोड आणि पहिल्या पोर्टमधून इथरनेटवरून, म्हणजे पुढे मागे सोय करता येते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे लावून विसरायचं यंत्र नाही. मोबाइल ॲपवर तीनदा नेक्स्ट दाबलं की काम झालं असं ज्यांना हवंय आणि ऑफिसमध्ये शिकायला तयार असं कोणी नाही, त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं, मनापासून सांगते. सगळं करता येतं म्हणजे चुकीचं पण सगळं करता येतं. विनबॉक्समध्ये सेफ मोडचं बटण आहे, ते दाबूनच काम करत जा, चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर कनेक्शन तुटल्यावर केलेले बदल आपोआप मागे जातात, मला दोनदा त्याने वाचवलंय. आणि अपडेट. २०१८ मध्ये विनबॉक्समधली एक त्रुटी बाहेर आली होती, कंपनीने दुरुस्ती दिली पण ज्यांनी अपडेट केलंच नाही आणि विनबॉक्सचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवला त्यांचे राऊटर नंतर कितीतरी महिने लोक घुसून वापरत होते. तयार फायरवॉल बाहेरून हे सगळं बंदच ठेवते, "घरून बघता यावं" म्हणून ते उघडू नका, घरून बघायचं तर वायरगार्डने आत या. मी महिन्यातून एकदा, २० तारखेचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरून झालं की, अपडेट तपासते आणि कॉन्फिगची एक्सपोर्ट फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवते.

समोरची साइटच हळू असेल तर राऊटर काही करू शकत नाही, हेही ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय, नाहीतर शेवटच्या तारखेला परत हाक मलाच येते.

जुलैअखेरचा रिटर्नचा सीझन या राऊटरवर काढला, तीन महिने झाले, एकदाही रिस्टार्ट करायला लागला नाही, अपडेटचे सोडून. जुना राऊटर कपाटात ठेवलाय, सेटिंग तसंच ठेवून, कधी हा बंद पडला तर दोन केबल बदलून २३० वर तरी काम चालू राहील. एसएफपी प्लसचं भोक अजून रिकामं आहे, सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड घ्यायचं का यावर सरांशी बोलणं चालू आहे. भिंतीतल्या एकोणीस केबलपैकी अठरा बदलून, नंबर टाकून, तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. कॉन्फरन्स रूमची तेवढी राहिलीये, तिथे लॅपटॉप लावला की अजून ९४ येतो, काका गणपतीच्या सुट्टीत येतो म्हणालेत.